फॅब लांब असला तरी चालतो: चिपच्या पहिल्या नमुन्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चिप डिझाइनवर लेख आला आणि त्यानंतर भरपूर प्रश्न आले. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, की कॉलेजात डिझाइन होतं, कंपनीकडे गरज असते, पण पहिली खरी चिप हातात येईपर्यंत मधलं जे सगळं करावं लागतं ते कोण करणार, कुठे करणार आणि पैसे कोण घालणार. (फॅब म्हणजे चिप बनवायचा कारखाना.) त्यातले सात प्रश्न घेतलेत, काही थोडे छोटे केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मोटर आणि पंपांसाठी करंट सेन्सिंगचे बोर्ड बनवतो. एका बोर्डवर बाहेरून आणलेले बरेच आयसी, म्हणजे तयार चिप, लागतात, मधे त्यातला एक मिळेनासा झाला आणि लाइन बंद ठेवावी लागली. मुलगा म्हणतो आपली स्वतःची चिप बनवूया. हे आमच्यासारख्यांना झेपतं का? (उद्योजक, नाशिक)

झेपू शकतं, पण मुलाला आधी एक काम द्या, बोर्डवरचे सगळे आयसी एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की हा बाजारात किती कंपन्यांचा मिळतो. जो पाच कंपन्यांचा मिळतो त्याची चिप बनवण्यात काही अर्थ नाही, मायक्रोकंट्रोलर तर मुळीच बनवू नका. पण सेन्सरचा बारीक सिग्नल घेऊन तो मोठा करणारा, साफ करणारा आणि डिजिटल करणारा जो भाग असतो, ज्याला फ्रंट एंड म्हणतात, तो तुमच्या कामाचा खास असू शकतो, आणि तिथे स्वतःची चिप खरंच उपयोगी पडते, कारण चार-पाच आयसी एकात येतात, बोर्ड लहान होतो आणि त्या बाहेरच्या आयसींच्या सप्लायरवर अवलंबून राहावं लागत नाही. हे काम १८० नॅनोमीटरच्या जुन्या प्रोसेसमध्ये आरामात होतं (हा आकडा जितका लहान तितकी चिपवरची रचना बारीक). पेपरात जे दोन आणि तीन नॅनोमीटर वाचता ते मोबाइल आणि एआयसाठी, तुमच्या पंपाला त्याची गरज नाही.

खर्चाचं गणित असं आहे. चिपचा प्रत्येक थर छापायला वेगळा मास्क लागतो, १८० नॅनोमीटरलासुद्धा दोन डझनांच्या आसपास मास्क होतात, आणि तो खर्च तुम्ही वीस चिप काढा किंवा वीस लाख काढा, तेवढाच असतो. नमुन्यासाठी तुम्हाला हव्यात वीस-तीस चिप, मग एकट्याने मास्क करणं म्हणजे वेडेपणा. म्हणून शटल असतं, त्याला एमपीडब्ल्यू म्हणतात, म्हणजे मल्टी प्रोजेक्ट वेफर. गावातल्या दहा शेतकऱ्यांनी मिळून वाशी मार्केटला एक टेम्पो करावा आणि ज्याने जितकी जागा घेतली तितकं भाडं द्यावं, तसं एकाच वेफरवर, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिच्यावर, वेगवेगळ्या लोकांची डिझाइन्स शेजारी शेजारी बसवतात आणि मास्कचा खर्च जागेप्रमाणे वाटून घेतात. शटलची तारीख ठरलेली असते, ती चुकली की पुढच्याची वाट बघायची.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण नंतर कळली तर फार त्रास होतो. पहिल्या फेरीत चिप पूर्ण बरोबर चालेलच असं धरू नका. अॅनालॉगमध्ये तर दोन फेऱ्यांचं बजेट आणि दोन फेऱ्यांचा वेळ पहिल्याच दिवशी धरून ठेवा, म्हणजे डिझाइन धरून दीड-दोन वर्षं. तेवढा दम असेल तर जवळच्या कॉलेजातल्या व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइन, शिकवणाऱ्या प्राध्यापकांना भेटा, जाताना "आम्हाला चिप हवीय" असं घेऊन जाऊ नका, एका पानावर लिहून न्या की सिग्नल किती मिलिव्होल्टचा, त्यात गोंगाट (नॉइज) किती, तापमान किती ते किती, वर्षाला नग किती आणि आज त्या चार आयसींना किती पैसे जातात. तेवढ्या एका पानावरून पुढचं सगळं ठरतं.

प्रश्न: मी नागपूरला थर्ड इयर ईएनटीसीला आहे. आमचे सर म्हणतात की आता स्टुडंट्सची चिप खरंच बनते, पण सिनियर्सचे सगळे प्रोजेक्ट सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच चालवून बघण्यावर, संपलेत. खरं काय आहे? आणि मी आत्ता काय सुरू करू? (विद्यार्थिनी, नागपूर)

सर खरं सांगतायत. केंद्राचा चिप्स टू स्टार्टअप नावाचा कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे, पाच वर्षांत ८५,००० इंजिनियर तयार करायचं त्याचं टार्गेट आहे, आणि त्यात शंभराहून जास्त कॉलेजं आणि काही स्टार्टअप आहेत. बंगळुरूच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत चिपइन सेंटर आहे, तिथून डिझाइनची महागडी सॉफ्टवेअर्स सगळ्या कॉलेजांना लांबून वापरायला मिळतात, जी एकेका कॉलेजने विकत घ्यायची म्हटली तर शक्यच नव्हतं. डिझाइन तयार झालं की तिथेच गोळा होतं आणि मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत, म्हणजे एससीएलमध्ये, १८० नॅनोमीटरवर बनतं. तुमचं कॉलेज या यादीत आहे का ते आधी सरांना विचारा. नसेल तर यादीतलं जवळचं कॉलेज शोधा आणि दोन्हीकडचे सर एकमेकांशी बोलतील असं बघा, एक जॉइंट प्रोजेक्ट करणं यात काही अवघड नाही, फक्त कुणीतरी फोन उचलावा लागतो.

सिनियर्सचे प्रोजेक्ट सिम्युलेशनवर का संपतात याचं कारण साधं आहे, कॅलेंडर. फायनल इयरच्या जुलैमध्ये विषय ठरतो, मार्चमध्ये डिझाइन होतं, एप्रिलमध्ये सबमिशन, मेमध्ये सगळे घरी. चिप फॅबमधून बनून पॅकेज होऊन, म्हणजे बोर्डवर लावता येईल अशा कवचात बसून, यायला कित्येक महिने लागतात, ती आली तरी ती घ्यायला कॉलेजात त्या बॅचचं कुणीच नसतं. तुम्ही थर्ड इयरला आहात म्हणजे वेळेत आहात. आत्ता विषय ठरवा, दोन ज्युनियर बरोबर घ्या, आणि पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवा, म्हणजे चिप आली तेव्हा तुम्ही नोकरीवर असलात तरी ज्युनियर ती चालवून बघतील आणि तुम्हाला व्हिडिओ कॉल करतील.

सुरुवात फुकट होते. आयआयटी मुंबईच्या फॉसी टीमने बनवलेलं ईसिम नावाचं ओपन सोर्स टूल आहे, सर्किट काढण्यापासून सिम्युलेशनपर्यंत सगळं करतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. २०२० मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या स्कायवॉटर कंपनीने १३० नॅनोमीटरचं पीडीके सगळ्यांना खुलं केलं. पीडीके म्हणजे त्या फॅबचे सगळे नियम आणि ट्रान्झिस्टरची मॉडेल्स, हे आधी कॉन्फिडेन्शियल करारावर सही केल्याशिवाय बघायलासुद्धा मिळायचं नाही. त्याच्यामुळे मॅजिक, केलेआउट, ओपनलेन वगैरे फुकट टूल्सवर घरी बसून पूर्ण लेआउट, म्हणजे चिपवर काय कुठे बसेल त्याचा नकाशा, करता येतो. मॅट व्हेन या इंजिनियरने २०२२ मध्ये टायनी टेपआउट सुरू केलं (टेपआउट म्हणजे तयार डिझाइन फॅबला पाठवणं), त्यात साधारण हजार गेट, म्हणजे लॉजिकचे छोटे घटक, बसतील एवढी छोटी जागा विकत घेऊन शाळेतल्या मुलांनीसुद्धा चिप बनवल्यात. मधे २०२५ मध्ये त्यांचं फॅबचं काम बघणारी एफॅबलेस कंपनी बंद पडली तेव्हा लोकांच्या चिप अडकल्या, मग त्यांनी जर्मनीतल्या आयएचपी संस्थेसारखे दुसरे रस्ते धरले. हे मुद्दाम सांगतोय, कारण एकाच रस्त्यावर भरवसा ठेवायचा नाही, डिझाइन असं ठेवायचं की दुसऱ्या प्रोसेसवर न्यावं लागलं तर अर्धं तरी वापरता यावं.

विषय छोटा घ्या. रिंग ऑसिलेटर, तापमानाचा सेन्सर, साधा कन्व्हर्टर. लहान आणि नीट मोजलेली चिप ही मोठ्या न चाललेल्या प्रोसेसरपेक्षा इंटरव्ह्यूत जास्त बोलते, हे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न: तळेगावला येणार म्हणून सांगितलेला फॅब २०२२ मध्ये गुजरातला गेला, टाटांचा धोलेऱ्याला, मायक्रॉन साणंदला. मग महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी आणि कंपन्यांनी चिपचं नाव कशाला घ्यायचं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुमचा राग समजतो, पण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. तळेगावहून वेदांता-फॉक्सकॉनचा जो प्रकल्प गेला म्हणून आपण हळहळलो, त्यातून फॉक्सकॉन जुलै २०२३ मध्ये बाहेर पडली, तो तिथेही ठरल्याप्रमाणे उभा राहिला नाही. मोठा फॅब राज्यात असला तर नोकऱ्या येतात, पुरवठादार येतात, ते हवंच आहे. पण नमुना बनवायला फॅब शेजारी लागत नाही. वेफर कुरिअरने येतो हो.

याचा इतिहास फार चांगला आहे आणि आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. १९७९ मध्ये लिन कॉनवे या संशोधक कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात होत्या. त्यांनी अमेरिकेतल्या डझनभर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची ८० हून जास्त डिझाइन्स त्या काळच्या अर्पानेट नेटवर्कवरून गोळा केली, एकत्र जुळवली, एचपीच्या फॅबमध्ये बनवून घेतली आणि सुमारे महिनाभरात बनवलेल्या चिप सगळ्यांना परत पाठवल्या. डिझाइन करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फॅब बघितलासुद्धा नव्हता. त्यातूनच १९८१ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत मोसिस नावाची सेवा सुरू झाली, सरकारी पैशावर, आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याच रस्त्याने चिप बनवल्या. युरोपात १९९५ पासून युरोप्रॅक्टिस हेच करते, तिकडची सहाशेच्या आसपास विद्यापीठं आणि संशोधन संस्था त्यातून सॉफ्टवेअर आणि शटल वापरतात.

आता बेल्जियमचं बघा. ल्यूवेन हे आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठं नाही. १९८४ मध्ये तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक रॉजर व्हान ओव्हरस्ट्राटेन यांनी फ्लँडर्सच्या प्रादेशिक सरकारला पटवून आयमेक ही संशोधन संस्था सुरू केली, सुरुवातीला शंभरसुद्धा माणसं नव्हती, आज पाच हजारांच्या वर आहेत आणि जगातल्या सगळ्या मोठ्या चिप कंपन्या तिथे येऊन एकत्र पैसे घालून संशोधन करतात. तिथे चिपचा मोठा कारखाना नाही. तिथे आहे ती सगळ्यांनी मिळून वापरायची क्लीनरूम (चिपच्या कामाची धूळमुक्त खोली), विद्यापीठातून सतत येणारी मुलं, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका टेबलावर बसवू शकणारा करार. प्रादेशिक सरकारने ते केलं, देशाची वाट बघितली नाही.

मग आपल्याकडे जवळ काय हवं? माझं मत ठाम आहे, जवळ हवं ते टेस्टिंग, पॅकेजिंग, बोर्ड आणि रोज भेटू शकणारी माणसं. चिप आली आणि चालली नाही, तर कंपनीचा माणूस आणि विद्यार्थिनी एकाच टेबलाशी ऑसिलोस्कोप (स्कोप) लावून बसले पाहिजेत, ते मोहालीला जाऊन होत नाही. आणि यातलं बरंच काही आपल्याकडे आधीच आहे. पवईला आयआयटीची नॅनोफॅब्रिकेशन फॅसिलिटी आहे आणि आयएनयूपी कार्यक्रमातून बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांना तिथे शिकता येतं, काम करता येतं. त्याच कॅम्पसमध्ये समीर आहे, रेडिओ आणि मायक्रोवेव्हमध्ये काम करणारी सरकारी संस्था. पुण्यात पाषाण रोडला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या मटेरियलवर काम करणारी सरकारी संस्था आहे, तिथे सिरॅमिकच्या थरांवर सर्किट छापून पॅकेज बनवण्यावर, म्हणजे एलटीसीसीवर, खूप वर्षांचं काम आहे. पुण्यातच सी-डॅकचं मुख्यालय आहे. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड इथे प्रश्न असलेल्या कंपन्या आहेत, तुमच्या वाळूजला तर ऑटोच्या पार्टवाल्यांची रांग आहे. हे सगळे एकमेकांना ओळखत नाहीत, हा आपला खरा अडथळा आहे आणि तो सोडवायला हजारो कोटी लागत नाहीत.

प्रश्न: मी कोल्हापूर भागातल्या एका कॉलेजात शिकवते. दर वर्षी कंपन्यांबरोबर एमओयू होतो, फोटो निघतो, नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागतो आणि पुढे काहीच होत नाही. कंपनी म्हणते तुम्हाला वेळ पाळता येत नाही, आम्ही म्हणतो तुम्ही नीट काय हवं ते सांगत नाही. चिप प्रोटोटाइपिंगसारखं काम यातून कसं उभं राहणार? (प्राध्यापिका)

मॅडम, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण या सगळ्या विषयाचं दुखणं तुम्ही एका ओळीत लिहिलंय. एमओयूत सहसा लिहिलेलं असतं की दोन्ही पक्ष सहकार्य करतील. कशावर, कोण, किती तास, कधीपर्यंत, यातलं काहीच नसतं. म्हणून माझी विनंती आहे की मोठा एमओयू बाजूला ठेवा आणि एका चिपचा छोटा करार करा. त्यात कंपनीच्या एका इंजिनियरचं नाव असावं, त्याचे आठवड्यातले अमुक तास या कामाला आहेत हे त्याच्या मॅनेजरने लिहून दिलेलं असावं. रक्कम छोटी असली तरी कंपनीकडून पैसे यावेत, कारण पैसे दिलेली गोष्ट कंपनी विसरत नाही. आणि शेवट "रिपोर्ट" असा नसावा, शेवट असा असावा की कंपनीच्या बोर्डवर ही चिप सोल्डर करून अमुक माप अमुक इतकं आलं.

कॉलेजच्या बाजूनेही बदल लागतो. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीला भट्टीच्या तापमानाचा सेन्सर हवा असेल तर त्या कामाचं आयुष्य तीन वर्षांचं आहे आणि तुमच्या विद्यार्थ्याचं एक वर्षाचं. मग सातत्य कोण ठेवणार? एक तर पीएचडीचा विद्यार्थी, नाहीतर लॅबमध्ये कायम असणारा एक इंजिनियर, आणि माझ्या मते दुसरं जास्त महत्त्वाचं, पण आपल्याकडे लॅब इंजिनियरच्या पोस्टला कुणी किंमत देत नाही. ज्याला बाँडिंग येतं, म्हणजे चिपला बारीक तारा जोडता येतात, ज्याला प्रोब स्टेशन (उघड्या चिपवर सुया टेकवून माप घ्यायचं यंत्र) लावता येतं, ज्याला माहितीय की कुठल्या केबलमुळे गोंगाट येतो, तो माणूस टिकवा. उपकरणं मिळतात, तो माणूस मिळत नाही. तीन-चार कॉलेजांनी आणि तुमच्या भागातल्या औद्योगिक संघटनेने मिळून अशा एका माणसाचा पगार आणि एक टेस्टिंगची खोली उभी केली, तर ते पाच नव्या एमओयूंपेक्षा कितीतरी मोठं काम होईल. एक चांगला स्कोप, एक पॅरामीटर अॅनालायझर, तापमान वरखाली करणारी एक पेटी, एक मायक्रोस्कोप, बोर्ड सोल्डर करायची जागा, एवढ्यावर सुरुवात होते, वायर बाँडिंग आधी बाहेरून करून घ्या.

होत नाही असं नाही हं, झालंय. आयआयटी मुंबईतून प्रा. माधव देसाई यांच्या टीमने पवई लॅब्स या कंपनीबरोबर अजित नावाचा प्रोसेसर केला, तो २०१९ मध्ये जाहीर झाला आणि पहिला नमुना एससीएलमध्येच १८० नॅनोमीटरवर बनला. प्रा. उदयन गांगुली यांच्या टीमने तर एससीएलच्या चालू प्रोसेसमध्येच ८ बिटची एकदा लिहायची मेमरी बसवली, ती चिपमधलं अॅनालॉग सर्किट बनल्यावर बारीक जुळवायला वापरतात. हे दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे विद्यापीठाने फॅबच्या मशीनला आणि फॅबच्या रोजच्या शिस्तीला जुळवून घेतलं. लॅबमध्ये एक ट्रान्झिस्टर चालणं आणि फॅबमध्ये वेफरभर सगळे सारखे चालणं यात वर्षं जातात, ती वर्षं दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र काढली म्हणून ते झालं. एससीएलनेही काय काय पाहिलंय, १९८४ मध्ये तिथे काम सुरू झालं, १९८९ च्या आगीत फॅब जळाला, मग पुन्हा उभं राहायला किती काळ गेला. तरी आज देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या चिप तिथे बनतात, त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

मॅडम, पहिली चिप साधी असली तरी चालेल, पण ती कंपनीच्या माणसाच्या हातात चालू स्थितीत गेली पाहिजे. एकदा ते झालं की पुढच्या वर्षी तुम्हाला कंपन्यांकडे जावं लागणार नाही.

प्रश्न: गोव्यात आम्ही तिघांनी स्टार्टअप काढलाय, डिझाइनचा मोठा भाग एका विद्यापीठातल्या लॅबमध्ये झाला. आता चिप बनवायची वेळ आली आणि हक्क कुणाचा यावर गाडी अडलीये. (स्टार्टअप संस्थापक, गोवा)

हे टेपआउटच्या आधी मिटवा, नंतर मिटत नाही, कारण नंतर प्रत्येकाला वाटतं की आपल्यामुळेच चिप चालली. तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदावर लिहा, आधीपासून कुणाकडे काय होतं, एकत्र काय बनलं, आणि विकली तर कुणाला किती. लॅबची मशीन आणि लॅबचा पैसा वापरला असेल तर विद्यापीठ हक्क सांगणारच, त्यात वाईट काही नाही, बहुतेक ठिकाणी लायसन्स घेऊन मार्ग निघतो.

कायद्याच्या दोन बाजू आहेत. नवी कल्पना असेल तर पेटंट, आणि त्यात सगळ्यात मोठा धोका म्हणजे आधी पेपर छापणं किंवा पोस्टर लावणं. आधी प्रोव्हिजनल अर्ज करा, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, तेवढ्यात चिप मोजूनही होते. दुसरी बाजू लेआउटची. भारतात २००० सालचा खास कायदा आहे, सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन अॅक्ट, त्यात लेआउटची नोंदणी केली की १० वर्षं संरक्षण मिळतं. चिप बाजारात आणून दोन वर्षं उलटून गेली असतील तर मात्र नोंदणी मिळत नाही. हा कायदा फार कमी लोक वापरतात, तुम्ही वापरा.

आणि फॅबचं पीडीके तुमचं नाही हे लक्षात ठेवा, ते करारावर मिळतं. लॅबमधल्या विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये त्यातले आकडे किंवा लेआउटचे क्लोजअप गेले तर कराराचा भंग होतो, त्याच्या गाइडला हे आत्ताच सांगा. पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या डीएलआय योजनेत, म्हणजे डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्हमध्ये, देशी कंपनीला डिझाइनच्या पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १५ कोटी, परत मिळायची सोय ठेवली होती. अर्ज आत्ता कुठल्या अटींवर घेतात ते त्यांच्या साइटवर बघून घ्या. मात्र पैसे खर्च झाल्यावर परत मिळतात, हातात आधी येत नाहीत, त्यामुळे तेवढे महिने काढायची तयारी लागते.

प्रश्न: मी मूळचा सांगलीचा, आता अॅरिझोनात चिप कंपनीत आहे. इथे युनिव्हर्सिटीभोवती हब बनलेत, छोट्या कंपन्यांनासुद्धा मोठ्या फॅबची मशीन मिळतात. असं आपल्याकडे का नाही, आणि इथे बसून मी काही करू शकतो का? (वाचक, अॅरिझोना)

तुम्ही ज्याबद्दल लिहिताय ते मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कॉमन्स. अमेरिकेचा चिप्स कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, त्यातून संरक्षण खात्याला सुमारे २ अब्ज डॉलर मिळाले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आठ प्रादेशिक हब निवडले, पहिल्या वेळी २३.८ कोटी डॉलर दिले. तुमच्याकडचा हब अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी चालवते, इतर मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना, ओहायो आणि कॅलिफोर्नियात आहेत. त्यांनी प्रश्न बरोबर ओळखला, की प्रयोगशाळेत चाललेली गोष्ट फॅबपर्यंत पोचायच्या आधीच मरते, कारण मधल्या पायरीचे पैसे कुणीच देत नाही. आपण त्यातून घ्यायचं ते प्रदेशाचं सूत्र, प्रत्येक हबने आपल्या भागातल्या विद्यापीठांना आणि कंपन्यांना एकत्र बांधून घेतलंय. संरक्षणाचा पैसा असल्यामुळे तिथले विषय वेगळे आहेत, आपले विषय पंप, मीटर, गाड्या, शेती आणि दवाखाने यांतून यायला हवेत.

तुम्ही काय करू शकता? खूप काही. आपल्या कॉलेजांत सगळ्यात जास्त कमी आहे ती डिझाइन रिव्ह्यूची. टेपआउटच्या सहा आठवडे आधी अनुभवी माणसाने शनिवारी दोन तास व्हिडिओ कॉलवर बसून विचारावं, की रीसेट कसा देणार, पॉवर चालू होताना काय होतं, आतला हा व्होल्टेज बाहेरून मोजायला पॅड (तार जोडायची जागा) ठेवलाय का, ईएसडीचं, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्यापासून बचावाचं, काय केलंत. या चार प्रश्नांनी कित्येक चिप वाचतात. टेस्ट प्लॅन टेपआउटच्या आधी लिहून मागा, तो नसेल तर डिझाइन पुढे जाऊ देऊ नका. फक्त तुमच्या कंपनीची कुठलीही फाइल, मॉडेल किंवा आकडा यात येता कामा नये, तिथले एक्सपोर्टचे नियम कडक आहेत, आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या पीडीकेवरच्या डिझाइनपासून सुरुवात करा. सांगलीत इंजिनियरिंगची चांगली जुनी परंपरा आहे, आपल्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना एक मेल टाका.

प्रश्न: माझी मुलगी साताऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय. हे सगळं आयआयटीवाल्यांचं काम वाटतं. तिला यात जागा आहे का? (पालक, सातारा)

ताई, आहे, आणि चांगली आहे. वर मी ज्या लॅब इंजिनियरबद्दल लिहिलं, ते काम डिप्लोमाच्या मुली उत्तम करतात. मायक्रोस्कोपखाली २५ मायक्रॉनची तार चिपच्या पॅडवर टाकणं, वेफर हाताळणं, टेस्ट बोर्ड बनवणं, मापं घेऊन नीट नोंदवणं, याला हात स्थिर हवा आणि शिस्त हवी. साणंदला मायक्रॉन आणि सीजी या कंपन्यांचे पॅकेजिंग-टेस्टिंगचे कारखाने आलेत, त्यांना अशीच माणसं लागतात, शिवाय सगळ्या विद्यापीठांच्या क्लीनरूमला लागतात.

तिला आत्ता तीन गोष्टी शिकू दे. बारीक एसएमडी सोल्डरिंग (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे छोटे भाग जोडणं), स्कोप आणि मीटरवर विश्वासाने माप घेणं, आणि पायथनमध्ये उपकरण चालवून आकडे साठवणं, कारण आता टेस्टिंग हाताने बटण दाबून होत नाही, प्रोग्रॅम लिहून होतं. ईसिमवर थोडं सर्किटही काढू दे. डिप्लोमानंतर थेट सेकंड इयर डिग्रीला जायचा रस्ता तर आहेच, पण ज्या पॉलिटेक्निकमध्ये आहे तिथल्या सरांना विचारा की इंडस्ट्रियल ट्रेनिंग एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये किंवा पुण्या-मुंबईच्या संस्थेत मिळेल का. अर्ज लवकर करा, जागा थोड्या असतात, आणि अर्जाबरोबर तिने स्वतः सोल्डर केलेल्या एखाद्या बोर्डचा फोटो आणि त्याची मोजलेली मापं जोडायला सांगा, मार्कशीटच्या आधी तेच बघतात.